जीवजातींची ओळख : तंतुकणिकेतील एका जनुकाचे साहाय्य

सन २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात मक्याच्या शेतांवर एक अनोळखी अळी आढळून आली. मक्याच्या पोंग्यात शिरून ती कोवळी पाने कुरतडीत असे. उमललेल्या पानांवर त्यामुळे एका ओळीत छिद्रे पडत आणि पोंग्यात ओल्या भुश्यासारखी विष्ठा साचून राही. मक्यावर अळी पडणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. तंबाखूची पाने खाणारी अळी, लष्करी अळी, घाटे अळी या सर्व आपल्या शेतकऱ्याच्या जुन्या परिचयाच्या आहेत. तथापि या अळीच्या डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी फिकट खूण होती आणि शेपटाकडील एका खंडावर चार काळे ठिपके चौकोनाच्या चार कोपऱ्यांसारखे बसविलेले दिसत होते. ही लक्षणे एका परदेशी किडीची होती. स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा या शास्त्रीय नावाची ती कीड मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील होय. २०१६ च्या प्रारंभी ती पश्चिम आफ्रिकेत प्रथम आढळली आणि दोन-अडीच वर्षांतच भारताच्या भूमीवर येऊन पोहोचली. महाराष्ट्रात तिला ‘अमेरिकन लष्करी अळी’ हे नाव पडले. त्याच वर्षी सोलापूर व सांगली जिल्ह्यांत तिची नोंद झाली. मक्याप्रमाणेच उसावरही ती दिसली.

डोक्यावरची खूण व चार ठिपके ही लक्षणे वाढ झालेल्या अळीवर ठळक असतात. परंतु अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या अळीवर ती स्पष्ट नसतात आणि अंड्यांच्या पुंजक्यावरून तर कोणालाही खात्रीने नाव सांगता येत नाही. अळी पाळून तिचा पतंग होईपर्यंत थांबावे, तर तीन-चार आठवडे निघून जातात. एवढ्या अवधीत किडीची दुसरी पिढी शेतात उतरलेली असते. अशा वेळी शास्त्रज्ञांनी बाह्य लक्षणांच्या जोडीला आणखी एका साक्षीदाराची मदत घेतली. तो साक्षीदार म्हणजे अळीच्या पेशीतील तंतुकणिकांमध्ये असणारे एक जनुक. त्या जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा एक तुकडा वाचण्यात आला, जगभरच्या नमुन्यांच्या नोंदींशी ताडून पाहण्यात आला आणि नावाची निश्चिती झाली.

नावाचा हा आग्रह केवळ पुस्तकी नाही. कामगंध सापळ्यात बसविलेली गोळी एका विशिष्ट जातीच्या नरालाच आकर्षित करते. तंबाखूवरील अळीच्या पतंगासाठी केलेली गोळी अमेरिकन लष्करी अळीच्या बंदोबस्तासाठी लावली, तर सापळा रिकामा राहतो आणि शेतात कीड नाही असा चुकीचा समज मात्र होतो. अळ्यांना रोगग्रस्त करणारे जे विषाणू फवारणीसाठी वापरतात, तेही बहुधा आपापल्या यजमान जातीपुरतेच परिणामकारक असतात. अंड्यांवर उपजीविका करणारे परोपजीवी कीटक सोडावयाचे, तर कोणत्या किडीसाठी कोणते, हे आधी ठरवावे लागते. सारांश, नाव चुकले की उपाय चुकतो आणि त्याचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावर पडतो.

तंतुकणिका आणि तिचा स्वतंत्र दप्तरखाना

प्राण्यांच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत केंद्रक असते आणि आनुवंशिक द्रव्याचा, म्हणजे डीएनएचा, बहुतेक साठा त्या केंद्रकातील गुणसूत्रांत असतो. शालेय पुस्तकातून ही माहिती सर्वांना झालेली आहे. केंद्रकाबाहेर पेशीद्रव्यात तंतुकणिका नावाचे अतिसूक्ष्म घटक असतात. अन्नापासून ऊर्जा मोकळी करण्याचे काम मुख्यत्वे त्यांच्यात चालते. या तंतुकणिकांत त्यांचा स्वतःचा थोडासा डीएनए असतो, ही गोष्ट १९६३ च्या सुमारास स्वीडनमधील संशोधनातून पुढे आली. माणसाच्या तंतुकणिकेतील डीएनएची संपूर्ण अक्षरमाला १९८१ मध्ये केंब्रिज येथे वाचण्यात आली. ती १६,५६९ अक्षरांची असून तीत केवळ ३७ जनुके आहेत. केंद्रकातील डीएनएची अक्षरे तीन अब्जांहून अधिक भरतात, हे लक्षात घेतले म्हणजे हा दुसरा दप्तरखाना किती छोटा आहे याची कल्पना येईल.

छोटा असला तरी तो तीन कारणांनी सोयीचा ठरतो. एका पेशीत केंद्रक एकच, पण तंतुकणिकांतील डीएनएच्या प्रती शेकडो, कित्येकदा हजारो असतात. त्यामुळे वाळलेले कातडे, केस, हाडाचा तुकडा किंवा किड्याचा एक पाय एवढ्यावरही काम भागते. दुसरे असे की, हा डीएनए सामान्यतः केवळ मातेकडून संततीकडे येतो. पित्याच्या व मातेच्या अंशांची जी सरमिसळ केंद्रकात प्रत्येक पिढीत होते, ती येथे होत नाही. तिसरे कारण म्हणजे प्राण्यांमध्ये या डीएनएत बदल साचण्याचा वेग केंद्रकातील डीएनएपेक्षा बराच अधिक आहे. म्हणून अगदी अलीकडच्या काळात एकमेकींपासून विभक्त झालेल्या जातींमध्येही फरक दिसून येतो.

हे बदल कसे साचतात ते समजण्यासाठी जुन्या पोथ्यांचे उदाहरण उपयोगी पडेल. मूळ पोथीवरून एक लेखक नक्कल करतो. त्याच्या हातून एखादे अक्षर चुकते. त्या नकलेवरून पुढे ज्या नकला होतात, त्या सर्वांत ती चूक उतरते, शिवाय प्रत्येक लेखकाची नवी भर पडते ती वेगळीच. कोणत्या पोथ्यांत कोणत्या चुका समान आहेत हे पाहून अभ्यासक त्या पोथ्यांचे घराणे ठरवितात. डीएनएच्या बाबतीत नक्कल करणारी पेशी असते आणि अक्षरे चारच असतात. ए, टी, जी आणि सी या नावांनी ती ओळखली जातात. दोन कळप डोंगर, नदी वा काळ यांमुळे एकमेकांपासून कायमचे दुरावले की त्यांच्या पोथ्यांत वेगवेगळ्या चुका जमू लागतात.

साडेसहाशे अक्षरांची खूण

तंतुकणिकेतील ३७ जनुकांपैकी ज्याची निवड प्राण्यांच्या ओळखीसाठी प्रामुख्याने झाली, ते सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाच्या विकराचा पहिला घटक घडविणारे जनुक होय. संक्षेपाने त्यास सीओआय म्हणतात. श्वसनाच्या अगदी शेवटच्या पायरीवर ऑक्सिजनचा जो उपयोग केला जातो, तो या विकराच्या साहाय्याने. मुंगी असो वा हत्ती, श्वसन सर्वांनाच आवश्यक. म्हणून हे जनुक सर्वांजवळ असते आणि त्याच्या कामात बिघाड करणारा बदल टिकून राहत नाही. मग जातीजातींतील फरक येतो कोठून, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे उत्तर जनुकाच्या लिपीत आहे. जनुकातील अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात आणि प्रत्येक गट प्रथिनातील एका अमिनो आम्लाचा निर्देश करतो. जी, जी या दोन अक्षरांपुढे चारपैकी कोणतेही अक्षर आले तरी अर्थ एकच, ग्लायसीन. म्हणजे तिसरे अक्षर बदलले तरी बहुधा प्रथिन बदलत नाही, काम बिघडत नाही आणि बदल मात्र नोंदला जातो. काम तेच राहून हस्ताक्षर तेवढे बदलावे, तसा हा प्रकार आहे.

१९९४ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी या जनुकाच्या दोन अशा जागा शोधल्या की, तेथील अक्षरे निरनिराळ्या प्राणिगटांत बव्हंशी सारखीच राहतात. त्या जागांना चिकटणारे दोन लहान कृत्रिम धागे वापरले की मधला तुकडा पीसीआर पद्धतीने लक्षावधी पटींनी वाढविता येतो. पीसीआर हा शब्द करोनाच्या साथीत घरोघरी पोहोचला. नाकातील स्रावात विषाणूचा अंश शोधण्याची जी रीत तेव्हा वापरली गेली, तिचेच हे मूळ रूप. त्यानंतर २००३ मध्ये कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे प्रा. पॉल हेबर्ट व त्यांचे सहकारी यांनी असा प्रस्ताव मांडला की, याच जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा ठराविक तुकडा सर्व प्राण्यांच्या ओळखीसाठी प्रमाण मानावा. दुकानातील मालावर छापलेल्या काळ्या पट्ट्यांवरून यंत्र जसे मालाचे नाव व किंमत सांगते, तशी ही खूण काम करील, म्हणून तिला ‘डीएनए बारकोड’ असे नाव मिळाले. जवळच्या नात्यातील २०० पतंगजातींवर त्यांनी ही खूण तपासली, तेव्हा त्यानंतर तपासलेले नमुने योग्य त्या जातीत बसले.

या पद्धतीचा बोलबाला झाला तो मात्र पुढच्या वर्षी, मध्य अमेरिकेतील कोस्टारिका देशातील एका फुलपाखरामुळे. अठराव्या शतकापासून एकच जात म्हणून परिचित असलेल्या या फुलपाखराच्या अळ्या वायव्य कोस्टारिकातील जंगलात निरनिराळ्या झाडांवर वाढताना दिसत होत्या. अळ्यांचे रंगही वेगवेगळे होते. फुलपाखरे मात्र जवळजवळ एकसारखी. अनेक वर्षे पाळून नोंदविलेल्या शेकडो नमुन्यांचे बारकोड वाचल्यावर एका नावाखाली दहा जाती नांदत असल्याचा निष्कर्ष निघाला. यातील खरे मर्म असे की, अळी कोणत्या झाडावर सापडली याची काटेकोर नोंद पूर्वीच झालेली होती. ती नसती, तर केवळ अक्षरांतील फरकावरून दहा जाती मानण्यास फारसे कोणी राजी झाले नसते.

साताऱ्याच्या सड्यावरील सरडा

नव्या जाती ओळखण्याचे असेच एक उदाहरण महाराष्ट्रातील आहे आणि ते अधिक सविस्तर सांगण्यासारखे आहे. माळरानावर उन्हाळ्याच्या दिवसांत एखाद्या दगडावर चढून गळ्याखालची रंगीत त्वचा पंख्यासारखी उघडणारा आणि मिटणारा लहानसा सरडा अनेकांनी पाहिला असेल. हे प्रदर्शन नर करतो. माद्या व पिले मातकट रंगाची असून ती एकमेकांपासून वेगळी ओळखणे जाणकारांनाही कठीण जाते. फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी १८२९ मध्ये पुदुच्चेरीवरून अशा सरड्यास सिताना पॉन्टिसेरियाना हे नाव दिले. १८७० मध्ये जर्डन यांनी दख्खनच्या सरड्यास वेगळे नाव दिले. तथापि पुढील ग्रंथकारांनी ते मान्य न करता द्वीपकल्पातील हे सारे सरडे एकाच नावाखाली जमा केले. शंभराहून अधिक वर्षे हीच समजूत चालत आली.

बंगळूरु येथील भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधक व महाराष्ट्रातील सरीसृप-अभ्यासक यांनी मिळून ठिकठिकाणचे सरडे तपासले. शरीराची मापे, खवल्यांची संख्या, गळ्याच्या पंख्याचा आकार व रंग यांच्या जोडीला तंतुकणिकेतील आणि केंद्रकातील जनुकांची अक्षरमालाही वाचण्यात आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली, एक समजला गेलेला हा सरडा एक नसून अनेक आहे. पाच जाती विज्ञानाला सर्वस्वी नव्या होत्या. दुसरी अशी की, त्यांत दोन दूरच्या शाखा असून त्यांस एकाच प्रजातीत, म्हणजे जातींच्या एकाच कुळात, ठेवणे उचित नाही. ज्यांच्या नरांचा पंखा मोठा असून मागे धडापर्यंत पोहोचतो, त्या शाखेसाठी नवी प्रजाती स्थापन करण्यात आली आणि तिला नाव देण्यात आले ‘सराडा’. आपल्या रोजच्या बोलण्यातला ‘सरडा’ हा शब्द अशा रीतीने प्राणिशास्त्राच्या जागतिक यादीत जाऊन बसला. जर्डन यांनी दिलेले दख्खनचे नावही जवळजवळ दीड शतकाने पुन्हा उभे राहिले.

या प्रजातीतील सराडा सुपर्बा ही जात सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या सड्यावरून वर्णिली गेली. निळा, काळा व नारिंगी असे तिन्ही रंग झळकविणारा तिच्या नराचा पंखा पाहिला म्हणजे ‘सुपर्बा’, अर्थात दिमाखदार, हे विशेषण का योजले ते कळून येते. चाळकेवाडी पवनचक्क्यांसाठी प्रसिद्ध आहे. या पवनचक्क्यांचा सड्यावरील जीवांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी केला व तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आढळले. शत्रू कमी झाल्याने सरड्यांची संख्या वाढली, ते अधिक निर्धास्त झाले, मात्र नरांचे रंग काहीसे फिके पडले. हा सरडा सर्व देशभर आढळणारा सामान्य सरडा आहे असे मानले असते, तर या निष्कर्षाकडे कोणी फारसे लक्ष दिले नसते. आता ज्याच्याविषयी हे बोलावयाचे, तो पश्चिम महाराष्ट्रातील सड्यांच्या थोड्याशा टापूत राहणारा प्राणी ठरला आहे. कागदोपत्री ‘पडीक’ म्हणून लिहिल्या जाणाऱ्या खडकाळ जमिनीकडे पाहण्याची दृष्टी एवढ्यावरून बदलेल की नाही हे सांगता येत नाही. पण तशी जमीन दुसऱ्या कामासाठी देताना तेथे काय राहते हा प्रश्न विचारण्यास आधार मिळाला, हे निश्चित.

डास आणि मांसाचा तुकडा

आरोग्य खात्याच्या दृष्टीने याच तत्त्वाचा उपयोग हिवतापाच्या डासांबाबत झाला आहे. ग्रामीण भारतात हिवतापाचा प्रसार मुख्यत्वे ज्या ॲनाफिलिस क्युलिसिफेसीज डासामुळे होतो, तो एक डास नसून ए, बी, सी, डी व ई या पाच भावंडजातींचा समूह आहे. दिसण्यात त्यांच्यात फरक नाही. वागण्यात मात्र आहे : बी ही जात प्रामुख्याने गुरांचे रक्त शोषते आणि देशाच्या बहुतेक भागांत हिवतापाच्या प्रसारात तिचा वाटा अल्प असतो. पूर्वी या जाती ओळखण्यासाठी अंडी अर्धवट वाढलेल्या अवस्थेतील मादीच्या गुणसूत्रांवरील पट्टे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागत. नर, अळी किंवा वाळलेला डास यांवरून काहीच सांगता येत नसे. २००६ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी सायटोक्रोम ऑक्सिडेजचाच दुसरा घटक घडविणाऱ्या जनुकावर आधारलेली पीसीआर चाचणी सिद्ध केली आणि ती अडचण दूर झाली. गावात डास किती, याइतकेच ते कोणते, हेही महत्त्वाचे असते.

वनखात्याचा प्रश्न निराळा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा नोंदवावयाचा, तर जप्त केलेले मांस कोणत्या प्राण्याचे आहे हे सिद्ध करावे लागते. कातडे, शिंगे व डोके नाहीसे केलेले असले, किंवा मांस शिजविलेले असले, तर नुसत्या नजरेने हरीण आणि बकरा यांतील फरक कोण शपथेवर सांगणार? हैदराबाद येथील पेशीय आणि रेणवीय जीवविज्ञान केंद्रातील डॉ. सुनीलकुमार वर्मा व डॉ. लालजी सिंग यांनी तंतुकणिकेतील सायटोक्रोम बी या दुसऱ्या जनुकाचा आधार घेऊन, नानाविध प्राण्यांना एकाच रीतीने लागू पडेल अशी चाचणी तयार केली व २००३ मध्ये ती प्रसिद्ध केली. या प्रकारच्या अहवालांचा उपयोग न्यायालयीन प्रकरणांत होत आला आहे.

साक्षीच्या मर्यादा

एवढे सर्व वाचल्यावर ही खूण म्हणजे शेवटचा शब्द असे वाटण्याचा संभव आहे. ते बरोबर नाही, आणि याचे उत्तम उदाहरण पुन्हा त्या अमेरिकन लष्करी अळीचेच आहे. तिच्या मायदेशी या किडीचे दोन गट मानले जातात : एक मुख्यतः भात व चराऊ गवतांवर वाढणारा, दुसरा मका, ज्वारी, कापूस यांवर. दिसण्यात ते सारखेच. सीओआय जनुकातील काही अक्षरांवरून ते वेगळे करता येतात. भारतात मक्यावरून गोळा केलेल्या अळ्यांचे हे जनुक वाचले, तेव्हा त्यांतील बहुतेक चक्क ‘भाताच्या’ गटाच्या निघाल्या. भातपट्ट्यात काळजी वाटावी असाच हा निष्कर्ष होता. परंतु केंद्रकातील टीपीआय नावाचे दुसरे जनुक तपासले असता त्याच अळ्या ‘मक्याच्या’ गटाशी जुळल्या. आफ्रिकेतील अळ्यांचीही स्थिती तशीच आढळली. याचा उलगडा असा होतो की, या किडीच्या पूर्वजांत दोन्ही गटांचा संकर झालेला असावा. तंतुकणिका केवळ आईकडून येते. म्हणून तिने आईच्या घराण्याचे नाव सांगितले आणि बापाचे घराणे तिला ठाऊकच नव्हते. अळीची जात ठरविण्यात सीओआय चुकले नाही. अळी काय खाईल हे मात्र त्याला सांगता आले नाही.

पुण्याजवळच्या माळरानावर असाच एक प्रसंग आला. तेथील लांडग्यांत एक-दोन प्राणी रंगाने वेगळे दिसू लागले. स्थानिक निसर्गप्रेमींना ते लांडगा व कुत्रा यांचे संकर असावेत अशी शंका आली. अशा प्राण्याच्या केसातील केवळ तंतुकणिकेचे जनुक वाचले असते, तर त्याची आई ज्या जातीची त्या जातीचेच नाव मिळाले असते आणि संकराचा मागमूसही लागला नसता. येथे संपूर्ण जनुकसंचाचा आधार घ्यावा लागला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ती शंका खरी ठरविली. भारतातील लांडगा-कुत्रा संकराचा तो पहिला जनुकीय पुरावा होय. लांडग्यांच्या टापूत मोकाट कुत्र्यांची संख्या वाढू देणे किती महाग पडू शकते, हे त्यावरून ग्रामपंचायतींच्या ध्यानात यावयास हरकत नाही.

आणखीही काही अडचणी आहेत. तंतुकणिकेतील जनुकाच्या जुन्या, निकामी झालेल्या प्रती कधीकधी केंद्रकातील डीएनएत शिरून बसलेल्या असतात. चुकून त्याच वाचल्या गेल्या तर नसलेली जात असल्यासारखी दिसते. कीटकांच्या शरीरात वास करणारा वोल्बाकिया नावाचा जीवाणू मादीकडूनच पुढच्या पिढीत जातो आणि पसरताना एकाच प्रकारच्या तंतुकणिका सर्वत्र पसरवितो. त्यामुळे दोन जाती एक भासू शकतात. किती टक्के अक्षरे निराळी असली म्हणजे जात वेगळी मानावी, याचा सर्व प्राण्यांना लागू पडेल असा एकच नियम नाही. वनस्पतींत तर तंतुकणिकेतील जनुके इतक्या मंद गतीने बदलतात की त्यांचा या कामी उपयोगच होत नाही. तेथे हरितलवकातील दोन जनुके प्रमाण म्हणून २००९ मध्ये सुचविण्यात आली, आणि तीही प्रत्येक वेळी पुरी पडत नाहीत.

नमुना व नोंद

ही सारी तपासणी प्रयोगशाळेत होते. पण तिचे यश नमुना कोठे, कसा व कोणी उचलला यावर अवलंबून असते. शाळांच्या विज्ञान कक्षात जीव जपून ठेवण्यासाठी फॉर्मलिन वापरण्याची जुनी प्रथा आहे. त्याने शरीराचा आकार टिकतो, पण डीएनए बिघडतो. जनुक वाचावयाचे असेल तर नमुना तीव्र, म्हणजे सुमारे ९५ टक्के, अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो. सोबत ठिकाण, दिनांक, पीक किंवा अधिवास आणि स्थानिक नाव यांची चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीतच टाकलेली बरी. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. अळीचा एखादा लहान भाग तपासणीसाठी वापरून उरलेले शरीर जपून ठेवले जाते, कारण पुढे नावाविषयी वाद उत्पन्न झाला तर पुन्हा पाहण्यासाठी तेच एक साधन असते. पिकावरील किडी गोळा करण्यास कोणाचा प्रत्यवाय नाही. कायद्याने संरक्षण दिलेल्या प्राण्यांना मात्र वनखात्याच्या परवानगीवाचून हात लावता येत नाही.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची असते व तिच्यामार्फत लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. नागपूर येथे मुख्यालय असलेले महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ २०१२ पासून हे काम पाहते. या नोंदवहीत स्थानिक नावांसाठी रकाना असतो आणि तो भरताना एक पेच हटकून उभा राहतो. एकाच माशाला दोन नद्यांवर दोन नावे असतात. उलटपक्षी ‘सरडा’ या एका नावाखाली गावाच्या शिवारातच तीन-चार जाती असू शकतात. अशा ठिकाणी एकच नाव पक्के धरून बाकीची खोडून टाकण्याची घाई होते. ऐकलेली सर्व नावे, ती कोणी सांगितली, प्राणी कोठे व कोणत्या ऋतूत दिसला, एवढे लिहून ठेवले तर ते पुरेसे आहे. चाळकेवाडीच्या सरड्याला स्वतःचे नाव मिळण्यास क्यूव्हिए यांच्यानंतर १८७ वर्षे लागली. तोवर ‘सड्यावरचा निळ्या गळ्याचा सरडा’ एवढी नोंद कोणी केली असती, तरी शोधणाऱ्याला नेमक्या त्याच सड्यावर जाता आले असते.